आदिलाबाद : मामांची गाडी आणि अडकलेला बुश

आमच्या घरात 'हत्ती' या शब्दावरून लग्न झाल्यापासून विनोद चालत आला आहे. माझं माहेर मराठी, सासर कानडी. कानडीत हत्ती म्हणजे कापूस. नव्या नवरीला सासूबाईंनी देवाच्या वातीसाठी 'हत्ती' आणायला सांगितलं तेव्हा ती कशी गोंधळली, हे प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी एकदा सांगतंच. आपल्या सीमाभागातल्या बहुतेक घरांत असे दोन-चार किस्से सापडतील.

2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आदिलाबादला गेलो तेव्हा हा विनोद पुन्हा वर आला. रस्त्यावरच्या एका तेलुगू पाटीवरची अक्षरं आमच्या ह्यांनी सावकाश लावली. तेलुगू त्यांना येत नाही, पण कानडी आणि तेलुगू लिपी सख्ख्या बहिणींसारख्या. "पत्ती," त्यांनी वाचलं आणि हसले. "अगं, आपली हत्तीच की ही." तेलुगूतला 'प' जुन्या वळणावर राहिला आणि कानडीत त्याचा 'ह' झाला. पालुचं हालु झालं, पत्तीची हत्ती. पुढच्या वळणावर कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग दिसली आणि आमची अकरावीतली लेक म्हणाली, "आई, बघ, हत्तींचा कळप."

आदिलाबादला जाण्याचं कारण मात्र हसण्याचं नव्हतं.

माझे मामा तरुणपणी आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस म्हणून गेले आणि तिथलेच झाले. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मामी एकट्या राहतात. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मामांची 1981 सालची पांढरी अँबेसिडर उभी. मामांनी ती 1986 मध्ये जुनीच विकत घेतली होती. मामेभाऊ हैदराबादला नोकरीत. त्याचं म्हणणं साधं होतं. गाडी तीन वर्षं बंद आहे, येत्या जानेवारीत नोंदणीची मुदत संपते, पुढच्या पाच वर्षांसाठी ती वाढवायची तर तपासणीला गाडी चालत न्यावी लागेल. त्यापेक्षा भंगारवाला किलोच्या भावाने नेतोय तर द्यावी.

मामींचं म्हणणं त्याहून साधं होतं. मामा दर वर्षी त्यांना त्या गाडीतून माहूरला रेणुकेच्या दर्शनाला नेत. "एकदा जाऊन येऊ दे मले," त्या फोनवर म्हणाल्या, "मग न्या ती कुठं न्यायची तिथं." आपल्याकडे सौंदत्तीच्या यल्लम्माचं जे स्थान, तेच तिकडे माहूरच्या रेणुकेचं. एकाच आईची ही दोन घरं. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "अत्ते, आम्ही येतो."

एदलाबाद

नांदेडहून आदिलाबादची रेल्वे मुदखेड, भोकर, हिमायतनगर करत किनवटला येते. वाटेत सहस्रकुंड नावाचं स्टेशन लागतं. पैनगंगा तिथून जवळच काळ्या कातळावरून उडी घेते. किनवट सोडलं की साग वाढत जातो आणि महाराष्ट्र कधी संपला ते कळत नाही. कळण्याचं कारणही नाही. 1956 पर्यंत किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आले. उलट नांदेड जिल्ह्यातला मुधोळ-भैंसा हा भाग आंध्र प्रदेशात जाऊन आदिलाबादला जोडला गेला. (आपल्या बागलकोटकडचं मुधोळ वेगळं. मुधोळ म्हणताच ह्यांना शिकारी कुत्रेच आठवले!) 2014 मध्ये तेलंगण झालं आणि ऑक्टोबर 2016 मध्ये या मोठ्या जिल्ह्याचे चार तुकडे पडले. आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. जिवती तालुक्याच्या डोंगरातल्या काही गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण असा दोघांचा हक्क सांगणं चालत आलं आहे. तिथे दोन्ही राज्यांच्या शाळा आणि दोन्ही राज्यांची रेशनकार्डं. सीमाभागातल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही, फक्त ओळखीचं हसू येईल.

गावाला जुनी माणसं 'एदलाबाद' म्हणतात. विजापूरच्या आदिलशहावरून हे नाव पडलं असं सांगतात. म्हणजे इथेही आपलाच एक धागा आहे. बाजारात तेलुगू, मराठी, दखनी आणि गोंडी अशा चार भाषा एका वेळी कानावर पडतात. आजूबाजूला मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. आम्ही पोचलो ते दिवाळीचे दिवस, त्यामुळे गोंडांच्या दंडारीचा काळ. मोरपिसांचे मोठे टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुस्साडी नाचणारे दिसले. ही कला देशापुढे नेणारे मार्लवाईचे कनकराजू यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. याच मार्लवाईत 1940 च्या दशकात हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ पती-पत्नी गोंडांमध्ये राहिले होते. बाईंची समाधीही तिथेच आहे.

मिस्त्रीचाचांचं गॅरेज

मामांची गाडी पहिल्यापासून एकाच मिस्त्रींच्या हाताखाली होती. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आम्ही पोचायच्या आधीच त्यांनी इंजिन उतरवून खोललं होतं. टाकीवर मांडलेले पिस्टन, व्हॉल्व, रिंगा बघून मला परीक्षेनंतर पंख्याच्या वाऱ्याने उडालेल्या पेपरांची आठवण झाली.

अँबेसिडरचं घराणं विलायती. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्लिश गाडीवरून ती बेतलेली. 1957-58 पासून बंगालमध्ये हुगळीकाठच्या उत्तरपाड्याला ती तयार होऊ लागली आणि 2014 मध्ये कारखाना बंद पडेपर्यंत अंगकाठी जवळपास तीच राहिली. मामांच्या गाडीचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच जुन्या इंग्लिश वळणाचं. चाचा म्हणाले, इंजिन साधं आहे, सरळ आहे, माणसासारखं बोलतं. बोअर करून नव्या रिंगा टाकल्या की धूर थांबेल. अडचण एकच होती, आणि ती करंगळीच्या पेराएवढी होती.

क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या बाजूला, एक खोल भोक असतं. त्यात एक छोटी धातूची नळी दाबून बसवलेली असते. तिला पायलट बुश म्हणतात. गिअरबॉक्समधून येणाऱ्या क्लच शाफ्टचं टोक या बुशमध्ये टेकतं. क्लच दाबला की क्रँक फिरत राहतो आणि शाफ्ट मंदावतो. त्या वेळी दोघांमधलं घासणं हा बुश सोसतो. तो झिजला की क्लच दाबताच किंचाळल्यासारखा आवाज येतो, गिअर अडखळतात, आणि पुढे नवी क्लच प्लेटसुद्धा लवकर जाते. बदलायचा तर इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. म्हणून इंजिन उतरलेलं असताना तो बदलून घ्यायचा हा शहाणपणा.

मामांच्या गाडीतला बुश झिजून अंडाकृती झाला होता, पण बाहेर यायला तयार नव्हता. पूर्वी केव्हातरी कुणीतरी लेथवर गनमेटलचा बुश हवा त्यापेक्षा जाड कातून ठोकून बसवला होता. वर मागे गंज धरलेला. भोक पलीकडून बंद, त्यामुळे मागून दांडा घालून ठोकायची सोय नाही. चाचांनी आकड्यांचा पुलर लावला. पुलरचा दात निसटला आणि बुशच्या काठाचा टवका उडाला. आता धरायलाही काही उरलं नाही.

गॅरेजातल्या तरुण पोराने छन्नी उचलली. "दोन घावांत फोडून काढतो," म्हणाला.

चाचांनी त्याचा हात धरला. "निदानम्, बेटा. लोहे से जिद नक्को."

आम्ही तिघंही एकमेकांकडे बघू लागलो. तेलुगूत निदानम् म्हणजे सावकाश, धीराने. कानडीत तेच 'निधान'. आपल्याकडच्या रस्त्यांवर 'निधानवे प्रधान' अशा पाट्या असतात, तशीच म्हण तेलुगूतही आहे. आणि मी मराठीची मास्तरीण. माझ्या कानाला 'निदान' म्हणजे रोग ओळखणं. तिन्ही अर्थ त्या वेळी एकदम लागू पडत होते.

चाचांनी रोग समजावून सांगितला. या क्रँकचं घासकाम आधीच शेवटच्या मापापर्यंत झालेलं आहे, आता पुढे घासायला जागा नाही. छन्नी निसटून बुशच्या घराला ओरखडा पडला, तर नवा बुश मध्यावर बसणार नाही. म्हणजे क्रँक गेला. आणि दुसरा क्रँक शोधायचा तर कुठल्यातरी मेलेल्या अँबेसिडरच्या पोटात. क्रँक लेथवर चढवून बुश आतून कोरून काढता आला असता, पण तसं मशीन गावाबाहेर, आणि दिवाळीमुळे बंद. आमची सुट्टी चार दिवसांत संपणार होती. भंगारवाला मामींच्या दारावरून दोनदा जाऊन आला होता.

ग्रीस, ब्रेड आणि साबण

चाचांनी जुनी युक्ती काढली. बुशच्या मागची पोकळी ग्रीसने गच्च भरायची. बुशच्या भोकात घट्ट बसेल असा लोखंडी दांडा वरून घालायचा आणि त्यावर हातोड्याने ठोकायचं. ग्रीस दबलं की बाहेर यायला वाट शोधतं. खाली आणि बाजूला क्रँकचं पोलाद, वर दांडा. हलू शकणारी एकच वस्तू उरते, बुश. तो मागून ढकलला जातो आणि वर सरकतो. ठोकायचं आत आणि वस्तू यायची बाहेर!

लेकीचे डोळे चमकले. "हा तर पास्कलचा नियम." बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळ्या दिशांना सारखाच पोचतो. सतराव्या शतकातल्या त्या फ्रेंच माणसाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये छापला गेला. तिने हे सगळं चाचांना हिंदीत समजावलं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अँबेसिडरच्या ब्रेकच्या पेडलकडे बोट दाखवलं. "वो भी येइच काम करता." पेडल दाबलं की नळीतलं तेल चारी चाकांना तोच दाब पोचवतं. चाळीस वर्षं हा नियम ते पायाखाली वापरत होते, नाव आज कळलं.

पण पहिल्या प्रयत्नात फजिती झाली. बुशचं भोक अंडाकृती झालेलं, दांडा गोल. तिसऱ्या घावाला फटीतून ग्रीसची पिचकारी उडाली ती थेट माझ्या साडीवर. दिवाळीची नवी साडी. ह्यांनी हसू दाबलं, लेकीने तेही केलं नाही.

ग्रीस पातळ पडत होतं. काहीतरी दाट हवं होतं, जे फटीतून निसटणार नाही. पोरगा म्हणाला, ब्रेडचा लगदा. मामी डबा घेऊन आल्या होत्या, त्या कडाडल्या, "अन्न आहे ते! त्याच्यावर काहून हातोडा मारता?" मग भिजवलेला कागद? मी पर्समधून मासिक काढेपर्यंत माझाच हात थबकला. बासरची सरस्वती तिथून दूर नाही. आमच्या मामेभावाची मुळाक्षरं तिच्यापुढेच गिरवली गेली होती. कागदाला पाय लागला तर नमस्कार करणारी मी, त्यावर घण कसा घालू देणार? चाचा आमच्या दोघींकडे बघत राहिले. त्यांनी वाद घातला नाही. मामीच शेवटी म्हणाल्या, "साबण चालंल का?"

धुण्याच्या साबणाची वडी किसून, पाण्याचा हात लावून मळली. चाचांनी दांडा बदलून किंचित जाड घेतला, कानशीने घासत घासत बुशच्या झिजलेल्या भोकाला जुळवला. यातच अख्खी दुपार गेली. मग साबण कोंबायचा, ठोकायचं, दांडा काढायचा, पुन्हा साबण भरायचा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काहीच हललं नाही. चाचा प्रत्येक वेळी नखाने बुशची कड चाचपत. एकदा त्यांनी माझा हात धरून अंगठा तिथे टेकवला. कड क्रँकच्या तोंडाच्या जरा वर आली होती, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी.

त्यानंतर घाई कुणीच केली नाही. तरुण पोरगाही नाही. दिवेलागणीच्या सुमारास बुश साबणाच्या वडीसकट बाहेर आला आणि टाकीवर पडून घरंगळला. मामींनी तो पदराने पुसला. बोटभर वस्तू. आतलं घर स्वच्छ होतं, एकही ओरखडा नव्हता. चाचांनी ते गरम पाण्याने धुतलं, कोरडं केलं आणि लगेच तेलाचा हात फिरवला. साबणाचं पाणी राहिलं तर गंज धरतो.

वाटीतला बुश

नवा बुश आदिलाबादेत मिळाला नाही. मी मामेभावाला फोन केला. मनात धाकधूक होती. तो म्हणाला, "निघाला का खरंच?" आणि थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "माप सांगा." दुसऱ्या दिवशी रात्रीच्या बसने तीनशे किलोमीटर येऊन तो सकाळी दारात उभा. खिशात कागदात गुंडाळलेला बुश.

हा बुश वेगळा होता. तांब्या-कथलाची पूड साच्यात दाबून, भट्टीत भाजून केलेला. त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात आणि ती तेल पिऊन ठेवतात. पुढे शाफ्टच्या घासण्याने तापलं की तेच तेल बाहेर पाझरतं. म्हणून बसवण्याआधी तो इंजिन ऑईलमध्ये चांगला मुरवावा लागतो. मामींनी मामांची चहाची स्टीलची वाटी दिली. रात्रभर बुश तिच्यात बुडून होता. सकाळी चाचांनी तो तेलाने भरला, दोन्ही तोंडं बोटांनी दाबून धरली आणि पिळला. बाहेरच्या अंगावर घामासारखे तेलाचे थेंब आले. "तयार," चाचा म्हणाले. हा बुश आतून घासून मोठा करायचा नसतो, छिद्रं बुजतात. लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकत तो घरात बसवला. मामेभावाने ठोकळा स्वतः धरला होता.

आमची सुट्टी संपली तेव्हा इंजिन अजून जुळायचं होतं. परतण्याआधी भाड्याच्या रिक्षाने जैनथचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ बघून आलो. आदिलाबादहून वीसेक किलोमीटर. इथे परमार जगद्देवाच्या काळातला शिलालेख सापडला आहे. माळव्याचा हा वीर आपल्या कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला आला होता. ह्यांनी हे ऐकून देवळाच्या दगडावर असा काही हात फिरवला, जणू गावचं कुणी भेटलं. कडेम नदीवरचा कुंतलाचा धबधबा आणि पोनिकीच्या हलक्या लाकडाची खेळणी करणारं निर्मल मात्र राहून गेलं. तिकडे जाणाऱ्यांनी पावसाळा संपता संपता जावं, म्हणजे कुंतलाला पाणी आणि अंगाला थंडी दोन्ही मिळेल. स्वेटर विसरू नये. तेलंगणातली सगळ्यात कडक थंडी या जिल्ह्यात पडते.

डिसेंबरात मामींचा फोन आला. गाडी तपासणीत पास झाली होती आणि त्या लेकाबरोबर माहूरला जाऊन आल्या होत्या. नवं जुळवलेलं इंजिन पहिले काही शे किलोमीटर पळवायचं नसतं, असं चाचांनी बजावलेलं. त्यामुळे मागून येणारा प्रत्येक ट्रक भोंगा वाजवून पुढे गेला. आणि माहूरच्या चढावर गाडी तापलीच. बोनेट उघडून, ओल्या फडक्याने झाकण धरून, रेडिएटरमध्ये पाणी घालत अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागलं.

"अगोबाई, मग पंचाईत झाली असेल," मी म्हटलं.

"पंचाईत कशाची?" मामी म्हणाल्या. "तुझे मामाबी तिथंच थांबायचे दर वर्षी. त्याच झाडाखाली. मी पोराला म्हटलं, डबा काढ."